तालीम, तरबियत आणि बोर्डीचे अंगण

एप्रिल महिना लागला की जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दाराशी हस्तपत्रके वाटली जातात. मुलांची निवासी शाळा, इंग्रजी माध्यम, दहावीचा निकाल शंभर टक्के, दिनी माहोल, कडक शिस्त, वसतिगृहाची उत्तम सोय. सगळ्यात वर 'इक्रा' हा शब्द सुंदर अक्षरात छापलेला असतो आणि सगळ्यात खाली, बारीक टाइपात, फीसाठी कार्यालयात भेटावे असे लिहिलेले असते. या वरच्या आणि खालच्या ओळींमध्ये आमच्या समाजाच्या शिक्षणाचा सगळा प्रश्न अडकला आहे असे आम्हाला वाटते. त्याविषयी स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुसलमानांनी शाळा काढू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली नसती तर आमच्या किती पिढ्या काळोखात राहिल्या असत्या याचा हिशेब करता येणार नाही. संविधानाच्या तिसाव्या कलमाने दिलेला हक्क आम्हाला प्राणाइतका प्रिय आहे. म्हणूनच त्या हक्काच्या नावाखाली काय चालले आहे हे विचारण्याचा अधिकार आम्हाला आहे. बाहेरच्याने विचारले तर ती बदनामी म्हणता येईल. घरातल्या माणसाने विचारले तर उत्तर द्यावे लागते.

आई-बाप या शाळांकडे का धावतात, हेही आम्हाला ठाऊक आहे. मराठी शाळेत सरस्वतीपूजनाच्या दिवशी आपल्या मुलाने काय करायचे हा प्रश्न त्यांना दरवर्षी पडतो. इतिहासाच्या तासाला अफजलखानाचा धडा निघाला की सगळा वर्ग मान वळवून एकाच बाकाकडे पाहतो. क्रिकेटचा सामना असला की त्याच मुलाला 'तुमची टीम' म्हणून चिडवले जाते. सर्वधर्मसमभावावर भाषण देणारे गुरुजी त्या वेळी खिडकीबाहेर बघत असतात. शासनाने १९९७ च्या सुमारास शाळांमध्ये मूल्यशिक्षण आणले. परिपाठाला दहा मूल्ये आली : वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, वैज्ञानिक दृष्टिकोन, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, संवेदनशीलता, सौजन्यशीलता. फळ्यावर ती सुवाच्य अक्षरात लिहिली गेली. पण वर्गातल्या एकुलत्या एका शेख किंवा मुल्लाच्या वाट्याला त्यातली संवेदनशीलता किती आली, हे त्या फळ्याला कधी विचारले गेले नाही. हे दुःख खरे आहे. त्यावर उपाय मात्र खोटा शोधला गेला आहे.

उपाय म्हणून आम्ही भिंत बांधली. बाहेरच्या जगात मूल्ये नाहीत, म्हणून ती आत आहेत असे गृहीत धरले. तालीम म्हणजे गुण आणि तरबियत म्हणजे शिस्त, अशी सोपी वाटणी केली. मुलाने सकाळी फजरला उठावे, टोपी घालावी, मोठ्यांना सलाम करावा, रांगेत जेवावे. चांगल्याच सवयी आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण सवयींना मूल्य म्हणता येत नाही. मूल्याची परीक्षा अशा ठिकाणी होते जिथे ते पाळायला पैसे मोजावे लागतात, गैरसोय सोसावी लागते, बलवानाला नाराज करावे लागते. तिथे या शाळा काय करतात ते पाहू.

शंभर टक्के निकालापासून सुरुवात करू. हा निकाल कसा लागतो हे शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना माहीत असते. नववीत कच्चा ठरलेल्या मुलाच्या बापाला बोलावले जाते. गोड शब्दांत समजावले जाते की याला बाहेरून बसवा, १७ नंबरचा अर्ज भरा, याचेही भले होईल आणि शाळेचेही. बाप गॅरेजमध्ये काम करणारा, नाहीतर भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारा. तो साहेबांसमोर मान हलवतो आणि घरी जातो. मुलगा त्याच आठवड्यात मागावर उभा राहतो. पुढच्या जूनमध्ये चौकात शाळेचा फलक लागतो, निकाल शंभर टक्के. त्या फलकावर नसलेल्या मुलांची यादी कोणी लावत नाही. दुबळ्याला वाऱ्यावर सोडून मिळवलेले यश मिरवणे ही कसली तरबियत? आणि हा धंदा फक्त आमच्याच शाळा करतात असेही नाही. पण 'सगळेच करतात' हे उत्तर ज्यांना पुरते त्यांनी हस्तपत्रकावर 'इक्रा' छापू नये.

आता श्रमप्रतिष्ठा. विनाअनुदानित शाळेतला शिक्षक सही एका आकड्यावर करतो आणि हातात दुसराच आकडा घेतो, ही गोष्ट महाराष्ट्रात कोणाला नवी आहे? कंत्राट एप्रिलमध्ये संपवायचे आणि जूनमध्ये पुन्हा द्यायचे, म्हणजे सुट्टीचा पगार वाचतो. हे करणारे चालक रमजानमध्ये जकातीवर प्रवचन ठेवतात. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी ही शिकवण मुलांच्या तोंडून पाठ करून घेतात. मुले आंधळी नसतात. आपल्या सरांचा बूट कसा फाटला आहे आणि संस्थेच्या सेक्रेटरींची गाडी कोणती आहे हे त्यांना दिसते. खरी तरबियत तिथे होते, आणि ती भयंकर असते.

या संदर्भात आम्हाला बोर्डीची आठवण होते. डहाणू तालुक्यातले, गुजरातच्या सीमेवरचे, चिकूच्या वाड्यांचे आणि सुरूच्या बनाचे हे गाव. घोलवड स्टेशनला उतरून तिथे जातात. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे, त्याआधी ठाणे जिल्ह्यात होते. प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांनी १९१८ साली स्थापन केलेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा १९२० साली इथे सुरू झाली. शाळेचे नाव सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल. नाव पारशी बाईचे, संस्था गोखल्यांच्या नावाची, गाव मराठी-गुजरातीच्या सांध्यावरचे, आणि मागे डोंगरापर्यंत पसरलेली वारल्यांची वस्ती. खाजगी संस्थेची, जुन्या शिस्तीची, वसतिगृह असलेली ही शाळा. आमच्या हस्तपत्रकवाल्यांना जे काढायचे आहे तेच बोर्डीला होते. फरक पडला तो पुढे.

तिथले मुख्याध्यापक आचार्य शं. रा. भिसे शाळेच्या चार भिंतींत मावले नाहीत. ज्या मुलांना शाळेचे दार ठाऊकच नव्हते अशा आदिवासी मुलांचा प्रश्न त्यांनी आपला मानला, बाळासाहेब खेरांच्या बरोबरीने आदिवासी सेवेच्या कामात ते उतरले. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. बालपणी लग्न होऊन तेराव्या वर्षी विधवा झालेली ही बाई, पुढे शिकून शिक्षिका झाली आणि १९९२ साली मरेपर्यंत या कामात राहिली. बोर्डीला बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. आपल्याकडचा चालक काय म्हणाला असता? 'त्यांनाच शिक्षणाची आवड नाही.' हे वाक्य आमच्याबद्दलही किती जणांनी म्हटले आहे! ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे नेली, वस्तीतल्या अंगणात मांडली. त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द जन्मला. शिंपले, बिया, पाने, काड्या यांची साधने झाली, कारण माँटेसरीची विलायती साधने गरिबाला परवडणारी नव्हती. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारल्यांची मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली, कुरणशाळा झाली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा 'अंगणवाडी' हाच शब्द देशभर गेला. आज आमच्या मोहल्ल्यातली आपा ज्या अंगणवाडीत खिचडी शिजवते, तिचे नाव बोर्डीच्या त्या अंगणातून आले आहे.

बोर्डीचे गोडवे गाऊन थांबणे आम्हाला मान्य नाही. त्याच १९४५ साली, त्याच मुलखात, तलासरीजवळच्या झरी गावी २३ मे रोजी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी होत्या. लग्नासाठी चार पैसे कर्ज घेतलेला माणूस बायकोसकट सावकाराचा गुलाम होई, त्याला लग्नगडी म्हणत. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच आदिवासी मारले गेले. किनाऱ्यावर शाळा पंचवीस वर्षे चालत होती आणि काही मैलांवर माणसे गहाण पडत होती. जमीनदार-सावकारांची नावे कोणत्याही एका धर्माची नव्हती. वर्गात शिकवलेली मूल्ये वर्गाबाहेरच्या शोषणाला आपोआप हात लावत नाहीत, हे या मुलखाने शिकवले आहे. शाळा कितीही चांगली असो, वेठ संपली ती वेठबिगार उभा राहिला म्हणून. तेव्हा आमच्या संस्थाचालकांनी 'संस्कार' या शब्दावर फार मदार ठेवू नये. पण बोर्डीच्या शाळेचे एवढे श्रेय नाकारता येणार नाही की तिथल्या माणसांना आपल्या भिंतीबाहेर कोण उभे आहे हे दिसले आणि ती बाहेर पडली. आमच्या किती शाळा अशा बाहेर पडल्या?

इथे कोणी म्हणेल, आपल्या मुलांसाठी वेगळी सोय हवीच, शाहू महाराजांनीही ती केली. बरोबर आहे. १९०६ साली कोल्हापुरात महाराजांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली, मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग काढले. त्याआधी १९०१ मध्ये मराठ्यांचे आणि जैनांचे बोर्डिंग निघाले होते. पण नीट पाहा. वेगळे होते ते राहणे-जेवणे. शिकायला ही मुले कोल्हापूरच्या सगळ्यांच्या शाळेत आणि राजाराम कॉलेजात जात. वसतिगृह वेगळे, बाक एक. मुलाला आधार मिळाला आणि त्याचा समाजाशी संबंधही तुटला नाही. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला एक पाऊल पुढे टाकले, सगळ्या जाती-धर्मांची मुले एका पंगतीत बसवली आणि त्यांच्याकडून कष्ट करवून त्यांना शिकवले. शाहूंचे नाव घेणाऱ्या आमच्या मंडळींनी वेगळे बोर्डिंग उचलले आणि एकत्र बाक विसरले. अर्धे शाहू महाराज घेता येत नाहीत.

धर्माचा दाखला हवा असेल तर तोही घ्या. बद्रच्या लढाईत पकडलेल्या मक्केच्या कैद्यांपैकी ज्यांना खंडणी देणे शक्य नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना अक्षरे शिकवावीत आणि सुटावे, अशी प्रेषितांनी तजवीज केली, असे आमचे इतिहासग्रंथ सांगतात. ते शिक्षक मुसलमान नव्हते. कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभे होते. त्यांच्याकडून शिकल्याने मदिनेच्या मुलांचा ईमान गेला नाही. मग शेजारच्या गावच्या जाधव सरांकडून गणित शिकल्याने आमच्या मुलांचा कसा जाईल? उलट बाजूही आठवा. जोतीराव फुल्यांची शाळा सुटली होती, ते मळ्यात राबत होते. त्यांच्या वडिलांना, मुलाला पुन्हा शाळेत घाला, असा आग्रह करणाऱ्यांत गफार बेग मुन्शी हे मुसलमान शेजारी होते. १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले, ते स्कॉटिश मिशनच्या. मुसलमानाने सांगितले, माळ्याच्या मुलाने ऐकले, ख्रिस्ती शाळेने शिकवले, आणि महाराष्ट्राचा इतिहास बदलला. आमची खरी परंपरा ही आहे. तिला पारंपरिक म्हणवणाऱ्या शाळांत जागा नाही याचे आम्हाला वाईट वाटते.

मुलींचा प्रश्न आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. या शाळा मुलांच्या असतात. मुलींसाठी बहुतेक ठिकाणी नंतर, लहान इमारतीत, कमी वर्गांत काहीतरी निघते, किंवा निघतच नाही. मुलाला तरबियत आणि मुलीवर पहारा, असे हे गणित आहे. सावित्रीबाईंच्या १८५६ सालच्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. त्या नावावर आम्ही जयंत्या साजऱ्या करतो. पण आमच्या शाळेच्या कार्यकारिणीत किती बायका आहेत असे कोणी विचारले की सभेत खोकल्याची साथ येते. दहावीच्या निकालात महाराष्ट्रात दरवर्षी मुली मुलांपेक्षा पुढे असतात, आमच्या मोहल्ल्यातही तेच दिसते. बहीण पदवीपर्यंत जाते, भाऊ दहावीला थांबून गॅरेजात किंवा आखातात जातो. मग लग्न जुळवताना मुलगी 'जास्त शिकलेली' म्हणून अडते. ज्या मुलाने बारा वर्षे शाळेत एकाही मुलीला फळ्यावर गणित सोडवताना पाहिले नाही, तिच्याकडून चर्चेत हरला नाही, तो त्या शिकलेल्या बायकोला बरोबरीचे माणूस कसे मानणार? हे मूल्य पुस्तकातून येत नाही. ते शेजारच्या बाकावरून येते.

आणि भाषा. आम्ही मराठी बोलणारे मुसलमान. कोकणात आमची बोली वेगळी, सोलापूर-लातूरला दखनीचा रंग वेगळा, पण दुःख, विनोद, शिव्या आणि ओव्या आम्हाला मराठीत येतात. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते हेच ठणकावून सांगायला. आणि या नव्या शाळांत मराठी हा पस्तीस गुण काढून सुटण्याचा विषय आहे. २०२० साली शासनाने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली तेव्हा काही चालकांना ते संकट वाटले. उर्दूचा अभिमान आम्हालाही आहे, इंग्रजीची गरज आम्हीही जाणतो. पण तलाठ्याकडे अर्ज, पोलीस भरतीचा पेपर, ग्रामसभेतला ठराव, कोर्टातली कैफियत या सगळ्यांची भाषा मराठी आहे. मुलाला ती न देता बाहेर सोडणे म्हणजे त्याच्याच राज्यात त्याला पाहुणा करणे होय. मराठीत लिहू न शकणारा मुलगा मराठी वर्तमानपत्रात आपल्याबद्दल खोटे छापून आले तर खुलासाही लिहू शकत नाही. दुसरे त्याच्याविषयी लिहीत राहतात.

आकड्यांकडे पाहिले तर आजार कुठे आहे ते कळते. २००६ सालच्या सच्चर समितीने सांगितले की शाळेत जाण्याच्या वयाची जेमतेम तीन टक्के मुस्लिम मुले मदरशात जातात. म्हणजे आमची मुले मदरशात अडकली आहेत हा प्रचार खोटा. पण त्याच अहवालाने सांगितले की सहा ते चौदा वयाची सुमारे पंचवीस टक्के मुले एक तर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधून सुटली. महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत मुसलमानांची साक्षरता राज्याच्या सरासरीहून किंचित अधिक, ७८ टक्क्यांच्या घरात होती. आमच्या आई-बापांना शिक्षणाची ओढ नाही, हे यातून खोटे ठरते. मुले शाळेत येतात. ती टिकत नाहीत. आठवी, नववी, दहावी या पायऱ्यांवर गळतात. आणि नेमक्या त्याच पायऱ्यांवर आमच्या नामवंत शाळा त्यांना १७ नंबरचा अर्ज देऊन दाराबाहेर उभे करतात!

शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला. खाजगी शाळांनी पंचवीस टक्के जागा गरीब आणि वंचित मुलांना द्याव्यात असे तो सांगतो. अल्पसंख्याक शाळांना यातून सूट मिळाली, २०१२ मध्ये विनाअनुदानित शाळांना आणि २०१४ च्या निकालाने सगळ्यांनाच. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठापुढे न्यावा असे म्हटले. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. स्वायत्ततेवर घाला येत असेल तर आम्ही तिच्या बाजूने उभे राहू. पण आम्हाला आमच्या चालकांना विचारायचे आहे : कायद्याने सक्ती केली नाही म्हणून तुम्ही किती यतीम, किती बिदागरिबांची मुले स्वतःहून, फी न घेता आत घेतली? तिसावे कलम दुबळ्या समाजाने आपल्या दुबळ्यांना उभे करावे म्हणून आहे. आपल्यातल्या पैसेवाल्यांची मुले आपल्यातल्या गरिबांपासून वेगळी बसवण्यासाठी ते लिहिलेले नाही.

तेव्हा यंदा मशिदीच्या दाराशी हस्तपत्रक हातात आले तर ते घडी करून खिशात घालू नका. जमातीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, चालकांना पाच प्रश्न विचारा. आठवीत किती मुले होती आणि दहावीला तुमच्या शाळेच्या नावावर किती बसली? शिक्षकाच्या पासबुकात दरमहा किती जमा होतात? फी न देणारी मुले किती, आणि ती कोणाच्या घरची? या मुलांच्या बहिणी कुठे शिकतात? ग्रंथालयात मराठी पुस्तके किती आणि त्यांच्यावर धूळ किती? उत्तरे लेखी मागा. ज्यांची उत्तरे चांगली येतील त्या शाळेला जकात द्या, जमीन द्या, आपले मूल द्या. अशा शाळा आहेत आणि त्यांचे शिक्षक कमी पगारात जीव ओततात, हे आम्ही जाणतो. त्यांचा हात बळकट व्हावा म्हणूनच हा वाद आम्ही घालत आहोत. जे उत्तर देणार नाहीत, जे म्हणतील की प्रश्न विचारणे हीच बेअदबी आहे, त्यांच्या हाती मूल सोपवू नका. प्रश्न विचारणे जिथे बेअदबी ठरते तिथे तालीम सुरूच झालेली नसते.